खोळ चढली का?

“माणसांचे उसवलेले कपडे तसेच पडलेत, आणि मी बसलेय या मेल्या खोक्याला झगा शिवत.”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ते पुटपुटल्यासारखं आलं. पण ‘मेल्या’ म्हटल्याबरोबर ती थबकली. तिनं जीभ चावली, शेजारच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून पुन्हा शिवायला लागली. त्या घरातलं एक माणूस नुकतंच गेलं होतं. तिथे तो शब्द नुसता तोंडात बसलेला असला तरी चालण्यासारखा नव्हता.

मी एक जुनी खोळ आहे. टीव्हीची खोळ. तुमच्यापैकी कित्येकांनी माझी जात पाहिलीही नसेल. आताचे टीव्ही पाटीसारखे चपटे असतात आणि भिंतीला टांगलेले असतात. त्यांना कोण झगा शिवणार? आमच्या घरातला टीव्ही मात्र जुना, पाठीला चांगलं पोक असलेला. त्याच्या मापानं मला शिवलं. माझं कापड दारांच्या पडद्यांतून उरलेलं, चहाच्या रंगाचं, वर पांढरी पानं. अस्तर आईच्या जुन्या परकराचं. पुढे एक पडदी, ती बांधायला दोन नाड्या, आणि बाजूला रिमोटसाठी खिसा. ज्या बाईनं हे सगळं कुरकुरत केलं, ती मुलांची आत्या. बाबांची थोरली बहीण. ती आतल्या खोलीत राहते आणि विजेच्या मशीनवर गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवते. कुरकुर करते, पण टाका कधी ढिला घालत नाही.

आज घरात कोणी नाही. म्हणून मला बोलायला सवड आहे.

आधी टीव्हीचं सांगते, कारण त्याच्यामुळे मी. तो आणला होता मामासाठी. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही, पण ज्या माणसाचं नाव घरात कोणी काढत नाही, त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त कळतं. त्याला दुपार कलली की ताप यायचा. उतरायचा आणि पुन्हा यायचा. बहिणीकडे आराम मिळेल म्हणून तो इथे राहायला आला. पडून पडून कंटाळतो म्हणून बाबांनी टीव्ही आणला. मग तपासण्या करायला त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तो काही परत आला नाही. टीव्ही राहिला. आईला तो डोळ्यांसमोर नको होता आणि टाकूनही देववत नव्हता. म्हणून मग खोळ.

पुढे त्यातून त्या घराचा एक नियमच झाला. कोणी बसून ठरवला नाही, आपोआप झाला. टीव्ही आजारी माणसाचा. धडधाकट माणसानं बाहेर खेळावं, अभ्यास करावा, कामाला जावं. आजारी पडलं की मात्र बाहेरच्या खोलीतली कॉट त्याची, रिमोट त्याचा आणि टीव्हीही त्याचाच, हवा तेवढा वेळ. शेजारणींना हे उफराटं वाटायचं. आजारी पोराला झोपवायचं सोडून चित्रं काय दाखवता, असं त्या म्हणायच्या. आत्याचंही मत तेच होतं. तापलेले डोळे आणखी तापतील, असं ती आतून ओरडून सांगायची. आई ऐकून घ्यायची आणि टीव्ही लावायची. पडल्या पडल्या माणसाच्या मनात काय काय येतं हे तिनं जवळून पाहिलं होतं. ते येऊ नये एवढाच तिचा हेतू होता.

या घरात मुली दोन. थोरली शांत, पुस्तकात डोकं घालून बसणारी. धाकटीला सगळे भिंगरी म्हणतात. का, ते सांगायला नको. ती दाराशी चप्पल काढते तेव्हा एक चप्पल आत असते आणि एक रस्त्यावर.

मुलगी आजारी पडली की आई माझ्या नाड्या सोडायची आणि लहान बाळाचं झबलं काढावं तशी मला टीव्हीच्या डोक्यावरून काढायची. मग माझी चौपदरी घडी करून आजारी माणसाच्या गालाखाली ठेवायची, कारण माझं कापड गार लागतं. त्यामुळे टीव्हीवर काय चालू आहे ते मला कधी दिसलं नाही. मला ताप कळायचा. थोरलीला गालगुंड झालं तेव्हा एकाच बाजूनं ऊब यायची. दोघींना एकदम कांजिण्या आल्या तेव्हाचा ताप चुळबुळ्या होता. दोघी एकाच कॉटवर, अंगभर फोड आणि रिमोटवरून भांडण. खाजवू नका म्हणून आईनं दोघींच्या हातांत मोजे घातले होते, तर मोज्यांनीच मारामारी झाली. सामन्याच्या दिवशी बाबांची कंबर धरायची. आत्या म्हणायची, या कंबरेला बरं कळतं कोणाची फलंदाजी आहे ते.

एरवी आई दिवसभर चष्म्याच्या दुकानात. लोकांच्या चष्म्यांत काचा बसवायच्या, काड्या सरळ करायच्या, हे तिचं काम. घरी आली की स्वयंपाक. पण मुलगी कॉटवर असली की ती सुट्टी काढून शेजारी बसायची, पाय दाबायची आणि मधूनच विचारायची की हा कोण, आणि तो का पळतोय. मुलींना नक्की काय आवडायचं, टीव्ही की टीव्हीच्या निमित्तानं शेजारी बसलेली आई, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग एक दिवस मुलगी टीव्हीला कंटाळायची. खिडकीतून कोणी हाक मारली की उठून पळायची. तो दिवस माझ्या कौतुकाचा. आई मला झटकायची, टीव्हीवर चढवायची आणि नाड्यांची गाठ मारताना म्हणायची, झालं बाई एकदाचं. बाबा पाणी सोडण्याच्या केंद्रावर पंप सांभाळतात. ते कामावरून फोन करायचे आणि तब्येत कशी आहे असं विचारायचेच नाहीत. विचारायचे, “खोळ चढली का?” चढली म्हटलं की फोन ठेवून द्यायचे. हळूहळू शेजारीही तसंच विचारू लागले. मित्रांनो, उरलेल्या कापडाच्या तुकड्याला याहून मोठा मान काय मिळणार? घरातलं माणूस बरं झालं, हे माझ्या नावानं सांगितलं जायचं. बाकीचे दिवस माझ्यावर किल्ल्या पडायच्या, रुमाल पडायचे, धूळ बसायची. त्याचं मला काही वाटत नसे. माझ्यावर धूळ आहे म्हणजे घर बरं आहे, असं मी समजायची.

या वर्षी भिंगरीला ताप आला.

पहिले काही दिवस नेहमीसारखे गेले. मी गालाखाली, टीव्ही चालू, आई शेजारी. गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी औषध दिलं. ताप उतरला, आणि दुपार कलली की पुन्हा आला. औषध बदललं. तो पुन्हा उतरला, पुन्हा आला. हा ताप मला नवा होता. तो भडकत नव्हता. सावकाश यायचा आणि घरच्यासारखा बसून राहायचा. भिंगरी टीव्हीकडे तोंड करून पडायची, पण बघायची नाही. रिमोट तिच्या हातातून खाली घसरायचा आणि तिला कळायचं नाही.

एका संध्याकाळी आई डॉक्टरांकडून एकटीच आली आणि टीव्हीच्या टेबलाशी उभी राहून बाबांशी हळू आवाजात बोलली. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासण्या करून घ्यायला सांगितलं होतं. घाबरण्यासारखं असेलच असं नाही, पण बघून घेऊ, असं म्हणाले होते. आतल्या दारात आत्या उभी होती. तिनं एवढंच म्हटलं की मग जाऊन यावं, आपल्या मामाचंही असंच दुपारचं...

“वन्सं,” आई म्हणाली, “माझ्या घरात तेवढं बोलू नका.”

आत्या आत गेली. मशीनचा आवाज सुरू झाला, नेहमीपेक्षा जोरात. हे औषध संपू दे, मग बघू, असं आई बाबांना म्हणाली, आणि बाबांनी मान डोलावली. दोघांनाही वाटलं की भिंगरी झोपली आहे. पण तिचा गाल माझ्यावर होता, आणि झोपलेल्या मुलाचा गाल असा दगडासारखा घट्ट होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. केस विंचरले. आणि म्हणाली, “आई, टीव्हीचा कंटाळा आला. खोळ घाल.”

त्या वाक्यानं घरात काय झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. आईनं मला असं झटकलं की माझी शिवण दुखली. नाडीची गाठ तिनं दोनदा मारली. बाबांना कामावर फोन गेला. खिडकीतून शेजारणीला सांगितलं गेलं, खोळ चढली हो. आत्यानंसुद्धा आतून विचारलं, खरंच का? कोणी भिंगरीच्या कपाळाला हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. या घरात बरं झाल्याची एकच खूण होती, आणि ती मी होते.

आई दुकानात जाऊ लागली. भिंगरी शाळेत जाऊ लागली. दुपारी ती घरी यायची तेव्हा आत्या आतल्या खोलीत मशीनवर असायची. भिंगरी दप्तर ठेवायची, टीव्हीच्या टेबलाशी जमिनीवर बसायची आणि माझ्या पाठीकडच्या बाजूला गाल टेकायची. कारण मी गार होते. तो ताप होता तिथेच होता, मित्रांनो. तो कुठे गेलाच नव्हता. मी टीव्हीवर चढले होते, एवढंच. आई यायची वेळ झाली की ती उठायची, तोंडावर गार पाणी मारायची, पावडर लावायची. आई येईपर्यंत मी गार झालेली असायची आणि तीही गार दिसायची.

कोणाला काहीच कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. थोरली तिच्याशेजारी झोपते. सकाळी उशी ओली असते हे तिला माहीत होतं. ती गुपचूप उशी उलटी करून ठेवायची. बाबा जेवताना भिंगरीच्या ताटाकडे पाहायचे आणि मग पाण्याच्या दाबाबद्दल बोलायला लागायचे. आत्यानं शाळेचा स्कर्ट कमरेत आत घेतला. काही दिवसांनी पुन्हा घेतला. दुसऱ्यांदा घेताना ती म्हणाली की या वयात पोरी उंचीला धावतात, अंगाला नाही. असं ती स्कर्टलाच म्हणाली, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आणि आई? आई दिवसभर दुसऱ्यांच्या चष्म्यांच्या काचा लख्ख पुसायची आणि घरी आली की भिंगरीकडे न पाहता विचारायची, खेळलीस का गं आज? भिंगरी हो म्हणायची. मग आई गाणं गुणगुणत पोळ्या लाटायची. ते गुणगुणणं ऐकवत नव्हतं.

मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. मला नाड्या आहेत, खिसा आहे, तोंड नाही. तुम्हाला आहे. म्हणून गोष्ट संपायच्या आधीच जे मागायचं ते मागून घेते, कारण पुढे मला बोलवणार नाही. दुखत असेल तर दुखतंय म्हणा. आई हसेल, बाबांची काळजी मिटेल, म्हणून बरं झाल्याचं सोंग करू नका. कोणाला बरं वाटावं म्हणून बरे होऊ नका. आणि घरात कोणी आजारी असलं तर त्याला टीव्ही लावून द्या, खुशाल द्या, पण टीव्हीकडे बघून त्याची तब्येत ठरवू नका. त्याच्या कपाळावर हात ठेवा. माझ्यासारख्या कापडाला कळतं ते हाताला कळेलच.

आता कालची संध्याकाळ.

काल आई लवकर आली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंगरीला ते माहीत नव्हतं. ती माझ्या पाठीला गाल टेकून बसली होती, आणि तिचा डोळा लागला होता. चपलांचा आवाज ऐकून ती दचकून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोरली कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती. तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.

आईची एक सवय आहे. मुली बाहेरच्या खोलीत एकट्या असल्या की ती आल्या आल्या टीव्हीच्या पाठीवर हात ठेवते. टीव्ही चालला असेल तर पाठ गरम असते, आणि चोरी पकडली जाते. इतकी वर्षं तिनं तो हात ठेवला आणि मी इतकी वर्षं गार होते. काल तिनं हात ठेवला आणि मी गरम होते.

“टीव्ही लावला होतास?” आईनं विचारलं.

भिंगरीनं आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. “हो,” ती म्हणाली. “लावला होता.”

आई रागावली नाही. ती तशीच उभी राहिली आणि हसायला लागली. कितीतरी दिवसांनी ती अशी पोट धरून हसली. तेवढ्यात बाबा आले. तिनं त्यांना दारातच सांगितलं की तुमची लेक चोरून टीव्ही बघायला लागली, आता हिच्या तब्येतीची काळजी करायला नको, आता पाठीत धपाटा घालायला हवा. बाबांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि भिंगरीला विचारलं, काय बघत होतीस गं चोरटे? तिनं जरा विचार केला. माकडाचं होतं काहीतरी, म्हणाली. माकड काय करत होतं, बाबांनी विचारलं. झाडावर बसलं होतं, ती म्हणाली. नुसतंच बसलं होतं? हो, नुसतंच. बाबा म्हणाले, मग ते आमच्या साहेबांवर असेल. आई पुन्हा हसली. खिडकीच्या गजांना धरून भिंगरीही हसली, आणि तिचे पाय लटपटले. ते फक्त थोरलीनं पाहिलं.

खोलीत अंधारून आलं होतं. बाबांनी हसत हसत दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग पंख्याचं दाबलं.

“लाइट कधी गेली?” त्यांनी विचारलं.

आईचं हसू जागच्या जागी राहिलं. तिचा हात अजून माझ्यावर होता. मी अजून थोडी गरम होते, आणि ती ऊब तिच्या तळव्याखालून हळूहळू जात होती. काल दुपारभर आतल्या खोलीत मशीनचा आवाज नव्हता. आता आतल्या दारात आत्या येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात कोणाचा तरी झगा होता. उजेड होता तोवर तिनं तो खिडकीशी बसून हातानं शिवला होता.

“दुपारची जेवणं झाली तेव्हाच गेली,” आत्या म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा कुरकुरा नव्हता. “माझं मशीन तेव्हापासून बंद आहे. टीव्ही लागलाच नाही गं आज.”

थोरलीनं पुस्तक मिटलं आणि ती रडायला लागली, आवाज न करता. बाबांचा हात बटणावरच होता.

आईनं माझ्यावरचा हात उचलला. खिडकीपाशी जाऊन तिनं तोच हात भिंगरीच्या कपाळावर ठेवला, मग गालावर, मग मानेवर. भिंगरीनं मान मागे घेतली नाही. पावडरखालून घाम आला होता.

“मला त्या मोठ्या दवाखान्यात नाही जायचं,” भिंगरी म्हणाली. “मामा तिथून आला नाही.”

आई तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिनं भिंगरीचे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, आता ती म्हणेल की तसं काही नाही, हे औषध संपू दे, मग बघू. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं.

“तू बरी नाहीयेस, बाळा,” आई म्हणाली. “मामाला होता तसाच ताप आहे तुला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मला फार भीती वाटतेय. ऊठ, चप्पल घाल. आत्ता जायचंय आपल्याला.”